थोरलीची घागर

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटली तर खुशाल पुढे जा. पण खाली "बाईमाणसाच्या मनाचे खेळ" असं लिहायला येऊ नका. ज्या घरात हे घडलं, त्या घरातल्या पुरुषानेही ते पाहिलं आहे. तो आजही रोज पाहतो.

निकिता माझी सख्खी मावसबहीण. तिचं सासर यवतमाळकडच्या मारेगाव तालुक्यात. गावाचं नाव सांगणार नाही. घर नांदतं आहे, त्यात माणसं राहतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षीची अक्षय तृतीया. एप्रिलचा शेवट. भर दुपार. आमच्याकडचं ते ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कुत्रंसुद्धा नालीच्या ओलीला पोट लावून पडतं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी गाव मध्यरात्रीपेक्षा सुनं असतं.

त्या सुन्या दुपारी हे झालं.

घर बघाल तर भीती वाटावी असं त्यात काही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं घर. खाली टाइल्स, पुढे मोटरसायकल, मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर. निकिताचा नवरा अंकुर याचं मारेगावात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. शिवाय घरचं वावर, कापूस आणि तूर.

अंकुर माणूस चांगला. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. नयन, म्हणजे त्यांची त्या वेळी दीड वर्षाची असलेली लेक, तान्ही होती तेव्हा तिची दुपटी तो स्वतः धुवायचा. गावातले पोट्टे हसायचे. तरी धुवायचा.

म्हणूनच पुढचं जास्त भीतीचं आहे.

अक्षय तृतीयेला आपल्याकडे पितरांच्या घागरी भरतात. लाल मातीची नवी घागर, वर आंबा. एकेका पितराचं नाव घेऊन पाणी, मग चिंचवणी, कुरडई, सरगुंडे, पोळी असा घास निखाऱ्यावर. निकिताच्या सासरी हे सगळं तिचे सासरे, किसनराव करायचे.

पण त्या घरात आणखी एक घागर भरली जायची.

सगळं आटोपल्यावर. फक्त बायकांनी भरायची. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी. कुणाचंही नाव न घेता.

आणि ती भरायच्या आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाने बाहेर जायचं. म्हातारा असो की पाळण्यातला. ऊन कलेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.

निकिताने हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती दरवेळी माहेरी, वणीला असायची. या वेळी सासूचा, विमलताईंचा, हात मोडला होता. प्लास्टर होतं. म्हणून ती थांबली.

घागर धुता धुता तिने विचारलं, "आई, ही घागर कोणाची?"

"थोरलीची."

"थोरली म्हणजे?"

विमलताईंनी आधी दाराकडे पाहिलं.

"हळू बोल. अंकुरच्या पणज्याची पयली बायको. फकिराजीची."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं, त्यांच्याच शब्दांत...

"तिच्या बापाले ती एकच. बाप मेला, त्याचं वावर हिच्यासंगं इकडं आलं. नाल्याकडलं आपलं मोठं वावर हाये ना, ते तिचंच. आखाजीच्या दिवशी ती भाकर घेऊन वावरात गेलती. रस्त्यानं जाणाऱ्या कोण्या माणसानं पाणी मागतलं. तिनं आपल्या गडव्यातलं पाजलं. बस. एवढंच. कोणीतरी फकिराजीच्या कानी घातलं. तवा इथं मांगं कापसाची कोठी होती. त्यानं तिले कोठीत लोटलं, कुलूप लावलं. म्हणे, दुसऱ्याले पाणी पाजतं काय, आता तू राह्य पाण्यावाचून. किल्ली कमरेच्या करगोट्याले बांधली अन् परगावी निंगून गेला."

"मग?"

"मंग काय व. घरात त्याची माय होती, भावजय होती. तिचं ओरडणं आयकू येत होतं. पाणी... पाणी... कोणी कुलूप तोडलं नाई. तो दोन दिसानं आला. तवरोक..."

त्यांनी चुलीवरचं भांडं उगाच हलवलं.

"सरप चावला म्हणून सांगतलं लोकायले. सालभरात दुसरी केली. माहा नवरा, तुहा नवरा, सारे त्या दुसरीच्या पोटचे."

"नाव काय होतं तिचं?"

"माहीत नाई. माह्या सासूलेबी माहीत नव्हतं."

निकिताच्या अंगावर काटा आला. आणि काटा बसायच्या आधी राग आला.

"कुलूप त्याने लावलं, आई. मग पाणी आपण काहून भरायचं? आणि पुरुषांनी पळून काहून जायचं?"

"बायका आयकत बसल्या. म्हणून आपण भरतो."

"आणि कोंडणारे?"

"तोंड सांभाळ, निकिता. सणाचा दिवस हाये."

बाहेर किसनराव चपला घालत होते. "अंकुर, चाल बे. टाइम झाला."

निकिता घागर कडेवर घेऊन बाहेर आली. म्हणाली, "ते येणार नाहीत, बाबा. यंदाची घागर ते भरतील."

किसनरावांचा पाय चपलेतच थांबला.

मग किसनराव मुलाकडे बघून म्हणाले, "काय म्हणून राह्यली हे? अं? शिकलेली आणली म्हणून आता घरातले सणबी हेच ठरवन काय?"

अंकुर वैतागला. दोघांवरही. "अवं, पण मी काय केलं? मी कोंडलं का कोणाले? त्या माणसाचं तोंडबी नाई पाह्यलं मी."

"त्या वावरातला कापूस दरसाल घरी आणता ना?"

"मंग काय वावर जाळून टाकू?"

"जाळू नका. एक घागर भरा. आणि एवढंच म्हणा की आमच्या माणसाने हे केलं."

"म्हणजे मी माफी मागू? न केलेल्याची? उद्या म्हणशीन गावातल्या साऱ्या बायकायची माग, परवा तालुक्याची माग!"

"साऱ्यांची नको. एकीची मागा."

"म्हणजे पुरुष झालो हाच गुन्हा झाला का माहा?"

हा वाद तुमच्याही घरात झाला असेल. जेवताना, मोबाइलवर काही वाचून, कुठल्याही निमित्ताने. तो असाच वाढतो आणि असाच थांबतो. अंकुरने थांबवला. हसून.

"आण इकडं. एका घागरीपायी सालभर टोमणे कोण आयकन?"

किसनरावांनी उंबऱ्यावरून एकदा मागे पाहिलं. "मरा मंग," म्हणाले आणि उन्हात चालते झाले.

विमलताईंनी चांगल्या हाताने मुलाचा सदरा धरला. "जाय बापू. बापाच्या मांगं जाय. पुरुषानं थांबू नाई."

"काहून थांबू नाई?"

"मले काय माहीत काहून! माह्या सासूनं सांगतलं, थांबू नाई. तिले तिच्या सासूनं सांगतलं."

त्याने आईचा हात हळूच सोडवला.

मग विमलताई सुनेकडे वळल्या. "निदान लेकराले त्या खोलीतून उचल."

नयन मागच्या खोलीत झोपली होती. घामोळ्यांनी रात्रभर किरकिरलेली पोर कूलरपुढे नुकतीच शांत झाली होती. निकिता म्हणाली, "राहू द्या आई. उठली तर पुन्हा झोपणार नाही. दार उघडंच आहे, इथूनच दिसते मला."

नयनच्या आईनेच सांगितलं हे. राहू द्या म्हणून.

ज्या जागी ती कोठी होती, तिथेच ही खोली बांधली होती. निकिताला ते माहीत होतं. पण तिच्या डोक्यात राग होता.

अंकुरने ड्रममधून बादली भरली. घागर काठोकाठ भरून उंबऱ्याशी ठेवली. समोर उकिडवा बसला. हात जोडले, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"घ्या थोरल्या पणजीबाई. पोटभर प्या. ज्यानं केलं त्याले धरा, आमच्या मांगं लागू नका. मी काईच केलं नाई."

विमलताईंनी डोळे मिटून घेतले.

निकिता कुंकवाचा करंडा आणायला वळली. चार पावलं गेली, परत आली.

घागर अर्धी झाली होती...

"झिरपली असंन," अंकुर म्हणाला. "नवी घागर हाये."

त्याने घागरीखाली हात फिरवला. टाइल कोरडी होती. नुसती कोरडी नव्हती. गरम होती.

त्याने पुन्हा भरली. या वेळी तिघंही बघत होते.

पाणी उतरायला लागलं.

सावकाश. कुणी तोंड लावून पितं तसं. मधेच थांबून... पुन्हा.

घट... घट... घट...

आवाज घागरीतून येत नव्हता.

खोलीतून येत होता. दाराच्या मागून.

तेवढ्यात लाइन गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला आणि घर एकदम मुकं झालं. निकिताला आत पलंगावरचे नयनचे पाय दिसत होते. चांदीचे वाळे. एक पाय हलला.

मग दार हललं.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. पण दार आपणहून मिटायला लागलं, अगदी सावकाश, जसं कुणी आत बसलेलं माणूस पायाने लोटतं तसं.

निकिता धावली. तिची बोटं दाराला लागली. वीतभर फट उरली होती.

मिटली.

आणि वर, विमलताईंचाही हात पुरत नव्हता अशी आतली कडी...

खट्.

आत नयन जागी झाली. रडायला लागली. "मम... मम..."

पाण्याला ती मम म्हणायची.

"नयन! बेटा, आलो!" अंकुरने खांद्याने धडक दिली. ते साधं प्लायचं दार होतं. वाऱ्याने आपटायचं. त्या दिवशी भिंत झालं होतं. त्याने लाथा घातल्या. मग अंगणातून पहार आणली आणि जीव खाऊन मारली.

धप्प.

लाकडावर मारल्याचा आवाज नव्हता तो. गच्च भरलेल्या पोत्यावर काठी मारावी, तसा होता. दारावर साधा ओरखडा उमटला नाही.

"खिडकी!" निकिता ओरडली.

तो घराला वळसा घालून मागे पळाला. कूलर खिडकीत बसवलेला होता. बाजूची जाळी ओढली, कूलरचा गवती वाळा बाहेर काढला. मघापर्यंत गळणारा तो वाळा हातात कुरकुरला. टाकी ठणठणीत कोरडी होती. तळाला पांढरा थर, जणू कित्येक महिने तिला पाणीच लागलं नव्हतं. त्याने पंख्याच्या फटीतून आत पाहिलं.

परत आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय झालं? दिसली का?"

"आत..." त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. "आत कापूस हाये."

"काय?"

"खालून वरपर्यंत. भरून. म्या हात घातला. कापूसच हाये. अन् तो... गरम हाये, निकिता. अंगासारखा गरम."

निकिता ड्रमकडे धावली. का धावली तिलाही सांगता येत नाही. पोर पाणी मागत होती, एवढंच तिला कळत होतं. ड्रम रिकामा होता. माठ रिकामा. नळ फिरवला तर नुसती फुस्स हवा. घरात पाण्याचा थेंब राहिला नव्हता.

आणि तेव्हाच रडणं थांबलं.

निकिता धावत दाराशी आली.

आतून नयनचा आवाज आला. तिचाच, बोबडा, बारका. पण ती पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नव्हती. आणि हे वाक्य होतं. अख्खं.

"किल्ली कोणाजवळ हाये?"



"कोणती किल्ली?" अंकुर दारावर हात आपटत होता. "या दाराले कुलूपच नाई! नयन! बाबाले दार उघड!"

आत पुन्हा नयन रडली. पण आवाज लांबून आला. खोली दहा फुटांची, आणि आवाज दुसऱ्या टोकाच्या घरातून यावा तसा.

"किल्ली कोणाजवळ हाये?"

"फकिराजीजवळ होती! तो मेला! कवाचा मेला! मी नाई केलं काई!"

रडणं आणखी लांब गेलं. वेशीपलीकडे कुणाचं तरी लेकरू रडतंय, इतकं.

विमलताईंनी डोकं उंबऱ्यावर टेकवलं. "माय, आमी बायकायनं आयकलं, कुलूप नाई तोडलं. दरसाल पाणी देतो व तुले. लेकराले सोड."

उत्तर नाही.

निकिता रडून म्हणाली, "मी आई आहे तिची. मला घे. मला कोंड."

उत्तर नाही...

ती बायकांशी बोलतच नव्हती.

तेव्हा निकिताला उमगलं. चार पिढ्यांच्या बायकांनी आखाजीच्या आखाजी या उंबऱ्याशी पाणी ठेवलं होतं आणि पुरुषांना उन्हात पाठवलं होतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मान देण्यासाठी नव्हतं ते. लपवण्यासाठी होतं. ती आत वाट बघत होती, की कधीतरी या घरातला एखादा समोर बसेल.

आणि निकिताने एकाला आणून बसवलं होतं.

तिने नवऱ्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला. "सांगा तिला!"

"काय सांगू? मी नाई ना केलं!"

"माहीत आहे मला! तुम्ही नाही केलं! तरी सांगा!"

"कसं सांगू पण? ज्याचं त्यानं..."

"तो नाही आहे! तुम्ही आहात! इथे दुसरं कोण आहे?"

तिसऱ्यांदा आवाज आला. आता तो नयनचाही राहिला नव्हता. जीभ टाळूला चिकटलेली. प्रत्येक शब्द खरवडून काढलेला.

"किल्ली... कोणाजवळ... हाये?"

आणि त्याच्या मागे कुठेही, लांबसुद्धा, लेकराचं रडणं नव्हतं.

अंकुरने पहार खाली ठेवली. कपाळ दाराला टेकलं. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. निकिता सांगते, त्या काही क्षणांत त्याचा चेहरा तिच्या देखत म्हातारा झाला.

"माह्याजवळ," तो म्हणाला.

त्याने तळहात दारावर ठेवला.

"किल्ली माह्याजवळ हाये. मी उघडतो."

खट्.

कडी पडली. दार आपणहून आत गेलं.

भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ बाहेर आली. तिच्यासोबत जुन्या, कोंदट कापसाचा वास. खोलीत कापूस नव्हता. पलंग, पाळणा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी. नयन पलंगावर पडलेली होती. डोळे आत गेलेले. ओठ चिरलेले. रडायला तोंड उघडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं आणि घशात आवाज नव्हता.

तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. शेजारच्या घरून आणलेलं पाणी चमच्याने पाजत पाजत अंकुरने ती उघडली. आत सरकीसकट एक कापसाचा पुंजका. आखूड धाग्याचा, पिवळट. बियाणं विकण्यात ज्याचं आयुष्य चाललंय तो माणूस त्या सरकीकडे बघत राहिला.

"हे बी..." तो म्हणाला, "माह्या जन्मात इकडं कोणी लावलं नाई."

दवाखान्यातला डॉक्टर निकितावर ओरडला. "दोन दिवस पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब नाही! आई आहात की कोण?"

अर्धा तास. जास्तीत जास्त अर्धा तास ते दार बंद होतं. हे त्याला कुणी आणि कसं सांगायचं?

सलाइन लागलं. पोर वाचली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आतून. खोलीत कुणी नव्हतं. अंकुरने उठून दार उघडलं. रिकामी खोली. टकटक थांबली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा.

मग ते रोजचंच झालं. पुढे पेरणीच्या तोंडावर एके दिवशी दुकानात गर्दी होती, अंकुर दुपारी घरी आला नाही. घरी नयनचे ओठ निकिताच्या डोळ्यांदेखत सुकत गेले. चमच्याने दिलेलं पाणी तोंडातून तसंच बाहेर येत होतं. किसनरावांनी जाऊन दार उघडलं. सताड उघडलं. पण टकटक थांबली नाही. उघड्या दारावर ती चालूच राहिली...

थोरलीला किसनराव नको होते. "माह्याजवळ हाये" म्हणाला तोच हवा होता.

अंकुर गाडी दामटत घरी आला. दाराला हात लावला. तेव्हा कुठे पोरीने पाणी गिळलं.

निकिता लेकीला घेऊन वणीला निघून आली. अंतराने काही फरक पडला नाही. एकदा यवतमाळला कंपनीच्या बैठकीत तो अडकला आणि इकडे वणीत, माझ्या मावशीच्या घरात, मी स्वतः नयनला मांडीवर घेऊन बसले होते. मी पाहिलं ते. मला त्याबद्दल लिहायचं नाही.

आता तो कुठेच जात नाही. दुपारी दुकान बंद करतो, घरी जातो, दार उघडतो. पाहुण्यांकडे नाही, लग्नाला नाही. लेकीला भेटायला सकाळी वणीला येतो आणि ऊन चढायच्या आत परत फिरतो. निकिता रोज दुपारी फोन लावते. तो एकच शब्द बोलतो. "उघडलं." मग ती जेवते.

सासरे तिच्याशी बोलत नाहीत. "या बाईनं माह्या पोराच्या गळ्यात धोंडा बांधला," असं गावभर सांगतात. आणि निकिता? ती मला म्हणाली, "मी चूक काय बोलले होते, सांग. ज्यांच्या घरातल्याने केलं त्यांनी पाणी भरावं, एवढंच ना? अजूनही मला ते चूक वाटत नाही." मग हातातल्या फोनकडे पाहिलं. "पण मी एक घागर म्हटलं होतं गं. सगळा जन्म नव्हतं म्हटलं."

मी विचारलं, त्या बाईला अजून काय हवं आहे? कधी पुरे होणार? निकिताला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. एका पुजाऱ्याने घराच्या अंगणातूनच हात जोडले आणि दक्षिणा न घेता गेला.

आता निकिता पुन्हा गरोदर आहे.

नयन झाली तेव्हा विमलताईंनी बारशातच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आता पुढच्या टायमाले पोरगा पाह्यजे. त्याच विमलताई आज रोज संध्याकाळी फोन करतात आणि दबक्या आवाजात एकच म्हणतात, "पोरगीच होऊ दे व माय." किसनरावांनी देवीला नवस बोललाय. मुलीसाठी. त्या घरात आजवर कुणी देवाकडे मुलगी मागितली नसेल.

कारण अंकुरनंतर किल्ली कुणाकडे जाणार, हे कुणी बोलून दाखवत नाही. पण सगळ्यांना तेच दिसतंय.

परवा मी माझ्या मुलाला घेऊन तिला भेटायला गेले होते. पोटावर हात ठेवून ती खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत होती. मला म्हणाली, "मुलगा झाला तर त्याला हे कोणत्या वयात सांगायचं? काय सांगायचं? की बाळा, तू काहीच केलेलं नाहीस... पण..."

 

माझा चार वर्षांचा मुलगा पलीकडच्या खोलीत झोपला होता. मी उठले आणि त्या खोलीचं दार उघडं आहे ना, ते पाहून आले.